वितळवा की विरघळवा? आणि ‘लोशन बार’ला मराठीत काय म्हणायचं?

मूळ प्रश्न

मैत्रिणीला ‘लोशन बार’ची, म्हणजे अंगावर फिरवायच्या घट्ट मॉइश्चरायझरच्या वडीची, कृती मराठीत लिहून दिली होती. मधमाशीचं मेण, शिया बटर (शिया झाडाच्या बियांचं घट्ट तेल) आणि बदामाचं तेल, प्रत्येकी ३० ग्रॅम. पहिलंच वाक्य असं होतं : ‘मेण आणि बटर मंद आचेवर विरघळवून घ्या.’ तिने दोन चमचे पाणी घातलं! विचारलं तर म्हणाली, “विरघळवायचं म्हणजे कशात तरी विरघळवायला नको?” वड्या पडल्या खऱ्या, पण आत पाण्याचे थेंब अडकले आणि काही दिवसांनी वर बुरशीचे ठिपके दिसायला लागले.

तर प्रश्न दोन. एक, चूक माझी की तिची? दोन, या वस्तूला मराठीत काय म्हणावं? ‘घन आर्द्रताकारक’ असं लिहून पाहिलं, आणि स्वतःलाच हसू आलं.

प्रतिसाद

चूक तुमचीच. वितळायला फक्त उष्णता लागते, विरघळायला एखादा द्रव लागतो. साखर पाण्यात विरघळते. तीच साखर कोरड्या भांड्यात तापवली की वितळते. आपण बोलताना ‘बर्फ विरघळला’ म्हणतो हे खरं, आणि ऐकणाऱ्याचं त्यात काही अडत नाही. पण कृती लिहिताना क्रियापद ही सूचना असते. तुमच्या मैत्रिणीने ती शब्दशः पाळली, तिला काय दोष देणार?

तिसरा शब्दही हाताशी ठेवा : पाघळणे. मेणबत्ती पाघळते, म्हणजे आपला आकार सोडून ओघळायला लागते. उन्हात राहिलेली वडी वितळण्याआधी पाघळते. ‘जास्त उष्णतेत वडी मऊ होऊन तिचा आकार बिघडू शकतो’ या लांबण वाक्याऐवजी ‘उन्हात ठेवू नका, पाघळेल’ एवढं पुरे.

प्रतिसाद

थोडी असहमती. मधमाशीचं मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं. पण ते गरम तेलात टाकलं, तर त्याहून कमी तापमानालाच तेलात मिसळून जायला लागतं. म्हणजे ते तेलात विरघळतही असतंच. मिश्रणाचा वितळणबिंदू नुसत्या मेणापेक्षा खाली येतो तो त्यामुळेच, आणि म्हणून तर वडी हातावर फिरवली की अंगच्या उबेने जराशी सुटते. तेव्हा मूळ वाक्यात ‘तेलात’ एवढा एक शब्द असता, तर ‘विरघळवा’ही चाललं असतं. दोष क्रियापदाचा कमी, गाळलेल्या शब्दाचा जास्त.

(तरी मीसुद्धा ‘वितळवा’च लिहीन. वाद घालण्यापुरतं हे सांगितलं.)

प्रतिसाद

मी या वड्या बरीच वर्षं करते, म्हणून शब्दांपेक्षा हातचं सांगते.

गार झाल्यावर काय होतं, त्यालाही लोक वाटेल ते क्रियापद लावतात. ‘गोठू द्या’ म्हटलं की माणूस फ्रीजरकडे धावतो. पाणी गोठतं, रक्त साकळतं, काढा आटतो. तूप आणि खोबरेल थिजतं. इथे ‘थिजू द्या’ हवं.

दुसरं, रवाळ. तुपाला रवाळ म्हणणं ही शाबासकी, पण शिया बटरच्या वडीला तीच तक्रार असते. शियातले काही स्निग्ध घटक लवकर थिजतात, काही उशिरा. वडी फार सावकाश निवली, तर लवकर थिजणाऱ्यांचे कण वेगळे बांधले जातात आणि बोटाला रवा लागतो. उपाय सोपा : पुन्हा पूर्ण वितळवायचं आणि साचा लगेच फ्रीजमध्ये ठेवायचा, फ्रीजरमध्ये नव्हे.

तिसरं महत्त्वाचं. ‘व्हिटॅमिन ई घाला म्हणजे वडी नासणार नाही’ असं सर्रास लिहिलेलं दिसतं. नासणं वेगळं, खवट होणं वेगळं. नासायला जंतू किंवा बुरशी लागते आणि त्यांना पाणी लागतं. नुसत्या मेणा-तेलाच्या कोरड्या वडीत ते नसतं, म्हणून तिला परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) लागत नाही. पण तेलाचा हवेशी संबंध येतो आणि ते खवट होतं. व्हिटॅमिन ई तेवढं लांबवतं. बुरशीपुढे त्याचं काही चालत नाही. मैत्रिणीची वडी नासली, खवटली नव्हे. ती टाकूनच द्या म्हणावं, वरचे ठिपके खरवडून वापरू नये.

प्रतिसाद

नावाबद्दल. ‘लोशन’चं मूळ लॅटिनमध्ये धुण्याशी जातं, म्हणजे पाण्याचा टिपूस नसलेल्या वस्तूला आपण धुण्याचं नाव दिलं आहे. ‘मॉइश्चरायझर’ही जरा फसवंच. ही वडी ओलावा देत नाही, असलेला उडू देत नाही. म्हणून ती अंग पुसल्यावर त्वचा दमट असतानाच लावायची. कोरड्या हातावर नुसती घासून ‘ओलावा कुठे आला?’ असं विचारणाऱ्यांना त्या नावानेच चकवलेलं असतं.

आपल्याकडे ‘मलम’ आहे, अरबी ‘मरहम’वरून आलेला. पण मलम म्हटलं की जखम आठवते. ‘मेण’ मात्र खास : संस्कृत ‘मदन’चा एक अर्थ मधमाशीचं मेण, त्याचं प्राकृतात ‘मयण’ आणि मराठीत ‘मेण’ झालं. आयुर्वेदात मेण आणि तिळाचं तेल एकत्र करून बनणाऱ्या मलमाला ‘सिक्थतैल’ म्हणतात. सिक्थ म्हणजेही मेणच. साबणाची असते तशी ही ‘वडी’. मग सरळ ‘मेणवडी’ का नको?

प्रतिसाद

मेणवडी छान, पण ऐकणाऱ्याला नुसत्या मेणाचा तुकडा वाटेल. ‘स्नेहवडी’?

प्रतिसाद

स्नेहवडी म्हणजे स्नेहसंमेलनात वाटायची वडी वाटते.

मूळ प्रश्न विचारणारी

सर्वांचे आभार. चूक कबूल. मैत्रिणीला सुधारून पाठवलं ते असं :

‘भांडं आणि साचा कोरडा ठणठणीत हवा. मेण, बटर आणि तेल एका भांड्यात घालून ते भांडं गरम पाण्यात ठेवा आणि सगळं वितळू द्या. पाण्याचा थेंबही आत जाऊ देऊ नका. खाली उतरवून जरा निवलं की व्हिटॅमिन ईचे थेंब घाला. साच्यात ओता, फ्रीजमध्ये थिजवा. अंघोळीनंतर दमट अंगावर फिरवा आणि हाताने जिरवा.’

‘शोषली जाईपर्यंत थांबा’ असं आधी होतं, ते खोडून ‘जिरवा’ केलं. वर मथळा ‘मेणवडी’ दिलाय. तिचा उलट प्रश्न आलाय : मधमाशीच्या मेणाऐवजी कँडेलिला मेण (एका झुडपापासून मिळणारं) वापरलं तर चालेल का, आणि तेवढंच घ्यायचं का?

प्रतिसाद

चालेल, नावही तेच राहील. पण ते बरंच कडक असतं. निम्म्याने सुरुवात करा, नाहीतर वडी अंगावर फिरायच्या ऐवजी खरवडेल.