मदत हवी आहे: बाबांच्या स्मरणार्थ देणगी, आत्ता द्यावी की आईच्या मृत्युपत्रात लिहावी?

नमस्कार मंडळी,

बाबांना जाऊन मार्चमध्ये वर्ष झालं. आई ७८ वर्षांची, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, मिरजेत एकटी राहते, तब्येत ठणठणीत. बाबांच्या नावाने काहीतरी करायचं तिने ठरवलंय. मी म्हटलं गावच्या देवळात पंखे देऊया. तर म्हणाली, "पात्यावर 'कै. अमुक यांचे स्मरणार्थ' लिहितात. पंखा लावला की नाव दिसत नाही, बंद केला की उकडतं. पंखे नकोत."

तिच्या मनात दोन गोष्टी आहेत. दोघांनी जिथे नोकरी केली त्या जिल्हा परिषदेच्या शाळेला चार लाख द्यायचे, वार्षिक बक्षीस आणि पुस्तकांसाठी. हे पैसे तिच्या स्वतःच्या पेन्शनमधून साठवलेल्या एफडीत आहेत. आणि बाबांच्या नावावरची तीस गुंठे शेती एका आश्रमशाळा चालवणाऱ्या संस्थेला द्यायची, पण ती तिच्या पश्चात. तोवर वाट्याने दिलेल्या शेताचं धान्य येतंय ते येऊ दे, असं तिचं म्हणणं.

एफडीवर शाळेचं नाव नॉमिनी म्हणून लावायला आम्ही बँकेत गेलो, तर काउंटरवर नाही म्हणाले. कारण काही सांगितलं नाही. दादा न्यू जर्सीत असतो, त्यालाही आश्रमशाळेला पाच लाख द्यायचेत. "माझ्या इथल्या खात्यातूनच देतो, सोपं पडेल" म्हणतो. सोपं पडेल का? आणि मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं की नोंदवावंच लागतं? कोणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

— मिरजकर_लेक

पारावरचा_गप्पिष्ट

आत्ता द्या. आमच्या आजोबांच्या नावे काकांनी १९९१ मध्ये एका शाळेत पाच हजारांची ठेव ठेवली होती, दहावीला गणितात पहिल्या येणाऱ्यासाठी. तेव्हा ११ टक्क्यांनी साडेपाचशे रुपये यायचे, पोरगं खूश. आता साडेसहा टक्क्यांनी सव्वातीनशे येतात. त्यात धड स्मृतिचिन्हही येत नाही. मधल्या काळात तीन मुख्याध्यापक बदलले, ठेवीची पावती कुठल्या कपाटात आहे ते कोणाला माहीत नाही. फलकावर आजोबांचं नाव आहे, शेवटचा विजेता २००८ चा.

कागदी_घोडा

ताई, आधी शेतीचं बोलू, कारण तिथे घोटाळा आहे. जमीन बाबांच्या नावावर म्हणता. त्यांनी मृत्युपत्र केलं नसेल आणि जमीन स्वकष्टार्जित असेल, तर हिंदू वारसा कायद्याने आई, दादा आणि तुम्ही असे तिघे सारखे वारस (बाबांची आई हयात नाही असं धरतोय). म्हणजे काकूंचा हिस्सा एक तृतीयांश, दहा गुंठे. वडिलोपार्जित असेल तर हिशोब वेगळा. त्या फक्त स्वतःच्या हिश्श्याचं मृत्युपत्र करू शकतात. सातबारा काढून बघा, वारसनोंदीचा फेरफार झालाय का?

दुसरी अडचण मोठी आहे. १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीशिवाय देता येत नाही. लोक म्हणायचे, विक्री किंवा बक्षीसपत्राला अडतं, मृत्युपत्राला नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृत्युपत्रालाही अडतं असा निकाल दिला. खटला गुजरातचा होता, पण तो कायदा मूळचा आपल्या जुन्या मुंबई राज्याचाच आहे. तेव्हा "माझी शेती अमुक संस्थेस" असं एक वाक्य लिहून निवांत बसू नका. संस्थेला जमीन मिळाली तरी पुढे विकायची झाल्यास धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागतेच, सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या कायद्याचं कलम ३६. बऱ्याच संस्थांना अशी जमीन म्हणजे गळ्यात पडलेली घोरपड वाटते. आधी त्यांना विचारा तरी, हवी आहे का.

बँकेचं बरोबर आहे. ठेवीला नॉमिनी म्हणून माणूसच लागतो, संस्था चालत नाही. शिवाय नॉमिनी मालक नसतो, वारसांसाठी पैसे ताब्यात घेणारा असतो. एफडीतले पैसे मागाहून कोणाला द्यायचे असतील तर मृत्युपत्रातच लिहायला हवं.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. पण ७८ वय आहे, तेव्हा नोंदवा आणि त्याच तारखेचं डॉक्टरांचं 'मानसिकदृष्ट्या सक्षम' असं प्रमाणपत्र जोडा. दोन साक्षीदार, दोघांसमोर सही. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका, उगाच शंकेला जागा. संस्थेचं पूर्ण नाव आणि धर्मादाय कार्यालयातला नोंदणी क्रमांक लिहा. 'आश्रमशाळेला' एवढंच लिहिलं तर उद्या चार आश्रमशाळा येतील. ती संस्था तोवर बंद पडली तर कोणाला, हेही लिहा. रकमेऐवजी टक्के लिहिले तर आजारपणात पैसे खर्च झाले तरी हिशोब कोलमडत नाही. आणि अंमलबजावणी करणारा मिरजेतच मिळेल असा नेमा, न्यू जर्सीतला नको.

हडसनकाठी

दादाचा पासपोर्ट कुठला? भारतीय असेल तर त्याच्या कमाईतले पैसे बँकेतून दिले की झालं. अमेरिकन नागरिक झाला असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) असूनही त्याची देणगी विदेशी अंशदान, म्हणजे परदेशी देणगी ठरते. भारतातल्या खात्यातून रुपयांत दिली तरीही! संस्थेकडे एफसीआरए नोंदणी (परदेशी देणगी घेण्यासाठीची सरकारी नोंदणी) हवी, आणि २०२० पासून ते पैसे दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच आधी यावे लागतात. नोंदणी नसताना घेतले तर संस्था गोत्यात येते, दादा नाही. मी स्वतः एका छोट्या वाचनालयाला असा त्रास देऊन बसलोय, अजून तोंड दाखवायची सोय नाही.

खडूफळा

मी जि. प. शाळेत मुख्याध्यापक आहे. शाळा व्यवस्थापन समितीचं बँक खातं असतं, देणगी तिथे चेकने द्या, समितीच्या सभेत ठराव करून घ्या, ठरावाची प्रत आणि पावती घरी ठेवा. आमच्या बदल्या होतात. आज मी शब्द देईन, पाच वर्षांनी त्या खुर्चीत कोण असेल देव जाणे. म्हणून ठेव-बक्षीस नको वाटतं. चार लाखांचे साडेसहा टक्क्यांनी २६ हजार येतात, हे आज बरं दिसतं, पण वरच्या पाच हजारांची गोष्ट वाचलीच. काकू दरवर्षी जूनमध्ये स्वतः येऊन चाळीस हजारांची पुस्तकं देतील तर दहा वर्षं पुरतील आणि पोरांना त्या बाई दिसतील तरी. चौथीच्या पोराला फलक दिसत नाही हो.

आणि कपाट देऊ नका. कुलूप लागतं.

जुनीपानी

ठेव-बक्षीस सरसकट वाईट असं नाही. जगन्नाथ शंकरशेटांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती दीडशे वर्षांहून जास्त चालू आहे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, दोराबजींनी पुढच्याच वर्षी त्याच आजाराच्या संशोधनासाठी न्यास केला, तोही चालू आहे. पण या कामांना मागे सांभाळणारी यंत्रणा होती. मुख्याध्यापकांच्या कपाटातली पावती ही यंत्रणा नाही, एवढंच.

पारावरचा_गप्पिष्ट

@जुनीपानी, मान्य. पण टाटा आणि आमचे काका यांच्यात थोडा फरक आहे :)

मीठमोहर

करवजावटीचं कोणी बोललं नाही म्हणून. संस्थेला ८०जी (देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी मान्यता) असेल तर काकूंनी हयातीत दिलेल्या देणगीवर वजावट मिळते. जुनी करप्रणाली निवडलेली हवी, आणि दोन हजारांवर रोख दिली तर नाही. मृत्युपत्रातून गेलेल्या रकमेवर वारसांना वजावट मागता येत नाही, ती त्यांनी दिलेली नसतेच.

अवांतर: नेत्रदान किंवा देहदानाची इच्छा असेल तर ती फक्त मृत्युपत्रात लिहू नका. आमच्या आत्याच्या मृत्युपत्राचं पाकीट तेराव्यानंतर उघडलं. डोळे सहा तासांच्या आत द्यावे लागतात.

मिरजकर_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आईला फोनवर सगळे प्रतिसाद वाचून दाखवले.

सातबारा काढला. वारसनोंद झालेलीच नाही, बाबांचं नाव अजून तसंच आहे. कागदी_घोडा यांना साष्टांग. तलाठ्याकडे अर्ज करतोय. संस्थेला विचारलं तर ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "जमिनीपेक्षा वसतिगृहाच्या धान्याचा खर्च कोणी उचलला तर…" मग आईचं आता असं चाललंय की जमीन आम्हा दोघांकडे राहू दे, वाट्याचं धान्य दरवर्षी पोत्यांनी तिकडे जाऊ दे. आणि मृत्युपत्रात तिच्या शिल्लक ठेवींचे वीस टक्के संस्थेला. दादा अमेरिकन नागरिक आहे, संस्थेकडे एफसीआरए नाही. तो जरा खट्टू झालाय, पण तो ती रक्कम आता आईच्या औषधपाण्याला बाजूला ठेवणार, म्हणजे आईला स्वतःचे पैसे द्यायला धास्ती नको. (हे पैसे फिरवून देणं ठरत नाही ना? आई कोणाला काय देते ते तिचं ती ठरवतेय. तरी वकिलांना विचारते.)

शाळेचं जूनमध्ये सुरू. पहिल्या खेपेची यादी तिने स्वतः केली, त्यात चार शब्दकोश आणि बाकी सगळी गोष्टींची पुस्तकं. पुस्तकावर मारायच्या शिक्क्याचा मजकूर मी 'कै. … गुरुजी यांचे स्मरणार्थ' असा दिला होता. तिने 'कै.' आणि 'स्मरणार्थ' दोन्ही खोडले. आता शिक्क्यावर आहे, '… गुरुजींचं पुस्तक. वाचून परत ठेवा.'