सोडतीच्या वसाहतीत चोऱ्या: आधी कॅमेरे की आधी शेजार?

खळ्यातली: आमची वसाहत रत्नागिरी जिल्ह्यात, सोडतीत लागलेल्या घरांची. सहा महिन्यांत दोन मोटारसायकली आणि पाण्याचा पंप गेला. रात्री जिन्यात टोळकं बसतं, म्हणून मुली क्लासहून एकट्या येत नाहीत. सोसायटीपुढे 16 कॅमेऱ्यांचा ठराव आहे. माझा विरोध आहे. वाडीत खळ्यात परका दिसला की पडवीतून हाक येते, "कोण हवंय?" इथे मजल्यावर 12 दारं, त्यातली 5 कुलुपात, मालक मुंबईला, येणार गणपतीला नाहीतर शिमग्याला. हाक मारणार कोण?

अमेरिकेत सेंट लुईसला प्रुइट-आयगो ही सरकारी वसाहत होती, 11 मजली 33 इमारती. 1972 पासून ती पाडायला घेतली. वास्तुविशारद ऑस्कर न्यूमन यांना तिथे दिसलं, की दोन कुटुंबांतली सामाईक जागा नीटनेटकी होती आणि 20 कुटुंबांच्या बोळाची दैना झाली होती. आपणही दर चार दारांमागे जाळीचा दरवाजा बसवूया.

भरतीओहोटी: जाळी मुळीच नको, आग लागली तर माणसं अडकतील. शिवाय प्रुइट-आयगोची देखभाल भाड्याच्या पैशांतून व्हायची. घरं रिकामी पडली, भाडं आटलं, दुरुस्ती थांबली. तुमच्याकडे देखभालीची वर्गणी किती जणांनी थकवली आहे? जिन्यातले दिवे तरी लागतात का? मुंबईच्या मालकांकडून आधी वसुली करा.

बंदरावरचा: बंद घरं परस्पर भाड्याने दिली जातात, खरं मूळ तिथे आहे. पोलीस ठाण्यात भाडेकरूची नोंद झाल्याशिवाय कोणाला किल्ली देऊ नका.

तिसरा मजला: मी भाडेकरू आहे, नवरा मच्छीमार बोटीवर खलाशी. आमची नोंद केव्हाच झाली आहे, तरी चोरी झाली की पहिलं बोट आमच्याकडे. आमच्या वसाहतीतूनही पंप गेला. त्या रात्री खडखड मीच ऐकली, दिवाही लावला. पण सांगू कोणाला? सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये भाडेकरूंना घेत नाहीत आणि वॉचमनचा नंबर ग्रुपवरच असतो.

खळ्यातली: ताई, आमच्याही ग्रुपमध्ये एकही भाडेकरू नाही. हाक मारायला माणसं नाहीत म्हणत बसले, आणि रोज दारात असणाऱ्यांना मी मोजलंच नव्हतं. जाळीचा हट्ट सोडते. रविवारच्या सभेत दोन गोष्टी मांडणार: थकलेल्या वर्गणीतून जिन्याचे दिवे, आणि ग्रुपमध्ये प्रत्येक राहतं घर. कॅमेऱ्यांना विरोध मात्र कायम.

बंदरावरचा: निदान फाटकावर एक तरी लावा. गेलेली मोटारसायकल हाक मारून परत येत नाही.