पत्रिकेवरचं ‘कऱ्हाड’ आणि कॅलिग्राफी फॉन्ट

टाकदौत: भाचीच्या लग्नाची पत्रिका छापून आली. अथपासून इतिपर्यंत कॅलिग्राफी फॉन्टात. ‘श्री’ची वेलांटी अशी की बघत राहावं. खाली पत्ता मात्र ‘कर्हाड’! र उडी मारून ह च्या डोक्यावर. ‘वऱ्हाडी मंडळी’चीही तीच गत. माझं म्हणणं, असले फॉन्ट ‘श्री’ आणि वधूवरांच्या नावांपुरते ठेवावेत. जमलं तर नावंही हातानंच लिहून घ्यावीत.

प्रूफवाली: यात फॉन्टचा काय दोष? युनिकोडमध्ये नुक्त्याचा ऱ, मग हलन्त (पाय मोडायची खूण), मग ह टाकायचा. साधा र टाकलात की रफार होणारच. प्रूफ कोणी बघितलं होतं?

टाकदौत: मीच, आणि त्यात बरोबर होतं. नंतर ऐनवेळी फॉन्ट बदलला. नव्यात तो कोयत्यासारखा अर्धा र सापडेना, म्हणून रफारावर भागवलं म्हणे.

हौशी_मॅकवाला: हातानं लिहून घ्या म्हणणं सोपं आहे. सुलेखनकार अच्युत पालव काय घरोघरी येणार आहेत? आणि फॉन्ट म्हणजे एकाच साच्यातले ठोकळे, हेही आता राहिलं नाही. जर्मन अक्षररचनाकार हेरमान त्साप्फचा १९९८ चा ‘झापफिनो’ (Zapfino) हा फॉन्ट बघा. एकेका अक्षराची कितीतरी रूपं, शेजारी कोण आहे ते बघून बदलणारी. मॅकवर त्याचंच नाव रोमनमध्ये टाइप करा, अख्खा शब्द एका फटकाऱ्यात जुळून येतो.

सातारी_कंदी: रोमन अक्षरं पायाशी हातात हात घालतात, आपली शिरोरेघेला टांगलेली असतात. वर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार. वेलांटीला झोकदार शेपूट दिलं की ते वरच्या ओळीतल्या उकारात घुसतं. ओळी एकमेकींपासून लांब केल्या तर ‘आमच्या घरचं कार्य’ मागच्या पानावर. मोडीतही हात न उचलता लिहीत, पण ते वेगासाठी, शोभेसाठी नव्हे. एका ओळीपुरता शोभतो हा थाट, टाकदौत बरोबर बोलतायत.

नवरीची_आत्या: माझी तक्रार वेगळीच. माहेरचं आडनाव शेलार, आणि पत्रिकेत श, ल दोन्ही हिंदी वळणाचे! २००९ च्या शासन निर्णयात देठाचा श आणि पाकळीचा ल आहे ना?

प्रूफवाली: आत्याबाई, काही फॉन्टांत ती रूपं लपलेली असतात. सॉफ्टवेअरला भाषा मराठी सांगितली की बाहेर येतात. सांगतं कोण, हा प्रश्न!

हौशी_मॅकवाला: म्हणजे वापरणाऱ्याला येत नाही, म्हणून फॉन्ट वाईट?

टाकदौत: वाईट कोण म्हणतंय? पत्त्याच्या ओळीत नको, एवढंच. असो. रफारावर व्हाइटनर लावून पेनानं अर्धा र काढत बसलोय, एकशे चाळीस झाल्या. कागद पिवळसर, व्हाइटनर पांढराशुभ्र.