५अ + ३ब = ८अब का चालत नाही?

सातवीचे_पालक:
बैजिक राशींची बेरीज सुरू आहे. ५अ + ३ब चं उत्तर मुलगी ८अब लिहिते. 'अ म्हणजे आंबे, ब म्हणजे बोरं' असं शिकवलंय. मग ५ आंबे नि ३ बोरं मिळून ८ आंबेबोरं झाली की, असं तिचं म्हणणं. काय सांगू?

खडूफळा:
घोळ त्या आंब्यातच आहे. अक्षर म्हणजे वस्तू नव्हे, संख्या. 'अ म्हणजे एका आंब्याची किंमत, रुपयांत' असं म्हणा, मग ५अ हे पाच आंब्यांचे पैसे. आणि अब म्हणजे अ गुणिले ब.

ताळा तिलाच करू द्या. अ = २, ब = ३ घेतलं तर डावीकडे १० + ९ = १९, उजवीकडे ८ × २ × ३ = ४८. फक्त दोन्हींना १ देऊ नका. ५ + ३ = ८ आणि ८ × १ × १ सुद्धा ८, म्हणजे चूक बरोबर ठरते! दोन्ही ० घेतले तरी तेच.

शून्यलब्धी:
हाच घोळ पुढे समीकरणं मांडताना जास्त नडतो. 'ड डझन म्हणजे क केळी' याचं समीकरण मागा. 'बारा केळी म्हणजे एक डझन' हे वाक्य जसंच्या तसं उतरवून मुलं १२क = ड लिहितात. ड = २ घाला. केळी २४, मग १२ × २४ = २८८ डझन? बरोबर आहे क = १२ड.

शिवाय किंमत घालताना कंस हवाच. क्ष = ४ असताना ३क्ष चे ३४ होतात, म्हणून ३(४) लिहायला लावा. क्ष = −३ असेल तर क्ष² = (−३)² = ९; कंस गाळला की −३² = −९.

सातवीचे_पालक:
आंब्यांची किंमत पटली तिला. पण चल म्हणजे बदलणारं ना? मग क्ष + ७ = १२ मध्ये क्ष ५च का?

खडूफळा:
तिथे क्ष ही अज्ञात संख्या आहे, आणि ती अट ५च पाळतो. २(क्ष + ३) = २क्ष + ६ मध्ये कुठलीही किंमत चालते. य = ३क्ष मध्ये क्ष बदलला की य बदलतो; 'चल' हे नाव खरं शोभतं ते इथे.

भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त (११५०) पहिलं अज्ञात यावत्तावत्, म्हणजे 'जितकं तितकं'. पुढची कालक, नीलक, पीतक अशी रंगांची. लिहिताना या, का, नी, पी. नियमही तिथेच आहे: बेरीज-वजाबाकी सजातीयांचीच (अक्षर तेच असलेल्यांची), विजातीय वेगळे ठेवायचे. या ५ का ३ हे तसंच राहतं.