नाग नदीपासून 80 मीटरवर तळमजल्याचा फ्लॅट : पुराचा धोका कसा तपासायचा?

लेआउटवाला
नागपुरात नाग नदीकाठच्या एका जुन्या लेआउटमधला फ्लॅट पाहिला आहे. 23 सप्टेंबर 2023 च्या पुरात त्या गल्लीत पाणी शिरलं होतं. दलाल म्हणतो, "असा पाऊस पुन्हा पडत नाही जी, आता नदी साफ झाली, भिंतही बांधली." धोका नेमका कशावर ठरतो आणि जागेवर काय पाहायचं?

सांडवा
भाऊ, अंतर सोडा, उंची पाहा. खोलगट भागातलं घर 80 मीटरवर असलं तरी काठावरच्या उंच जोत्याच्या घराआधी बुडतं.

तीन उंच्या काढा : फ्लॅटचं जोतं, नदीच्या भिंतीचा माथा आणि प्रवाहाच्या दिशेने लागणाऱ्या पहिल्या पुलाच्या स्लॅबचा तळ. मिस्त्रीची लेव्हल पाईप चालते, पण ती लहान असते, टप्प्याटप्प्याने न्यावी लागते आणि आत बुडबुडा राहिला की माप चुकतं. सर्व्हेयरकडून ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) लावून घेतलेलं बरं. पाणी स्लॅबला टेकलं, त्यात झाडाच्या फांद्या, गाद्या, प्लास्टिक अडकलं की पूल बंधाऱ्यासारखा वागतो आणि वरच्या बाजूला फुगवटा चढतो. जोतं स्लॅबच्या तळापेक्षा खाली असेल तर माझ्या मते तो सौदा नकोच.

'नदी साफ झाली' हे दर मे महिन्यात ऐकू येतं. समजा पात्र 10 मीटर रुंद, 3 मीटर खोल, दोन्ही बाजूंना भिंती. तळाशी 1 मीटर गाळ बसला तर वहनक्षमता एक तृतीयांश घटेल असं वाटतं. प्रत्यक्षात सुमारे 44 टक्के घटते, कारण जागा कमी होते आणि पाण्याचा वेगही. काढलेला गाळ काठावरच टाकून ठेवला असेल तर पहिल्या मोठ्या पावसात तो परत पात्रात. जेसीबी आला होता का हे विचारू नका, गाळाचे टिप्पर कुठे रिकामे झाले ते विचारा.

पाणलोट
दलालाच्या पहिल्या वाक्याबद्दल. पाऊस एकूण किती पडला यापेक्षा किती वेळात पडला आणि त्याआधी जमीन कशी होती, हे महत्त्वाचं. जूनमध्ये काळ्या मातीच्या भेगा पाणी गिळतात. सप्टेंबरपर्यंत तीच माती फुगून भेगा मिटतात आणि पाणी जवळपास वरूनच वाहतं. तलावही तेव्हा काठोकाठ असतात. 2023 मध्ये तेच झालं : शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस काही तासांत, तोही रात्री, आणि भरलेला अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला. 1870 च्या या मातीच्या धरणाला दारं उघडून पाणी आधीच कमी करायची सोय तेव्हा नव्हती, सांडव्यावरून, म्हणजे जादा पाण्याच्या वाटेवरून, जाईल तेवढंच जायचं. सांडव्यावरची धार 30 सेंटिमीटरची 60 झाली की विसर्ग दुप्पट नाही, जवळपास 2.8 पट होतो. म्हणूनच पाणी 'एकदम आलं' असं वाटतं.

आता वरची बाजू. नाग नदी लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांकडून, वाडी या गावाच्या बाजूने येते. तासाला 60 मिलिमीटर पाऊस धरला तर मोकळ्या रानाच्या एका हेक्टरमधून सेकंदाला साधारण 50 लिटर पाणी निघतं. सिमेंटचे रस्ते नि स्लॅब झालेल्या हेक्टरमधून 150, आणि तेही लवकर पोचतं. पाऊस जुनाच राहिला तरी तिथे ले-आउट पडत गेले की तुमचा धोका वाढतो.

मोरीवाला
भिंतीचं दुखणं वेगळं. गल्लीचं पावसाचं पाणी भिंतीतल्या पाईपमधून नदीत जातं. पाईपच्या तोंडाला झडप नसेल तर नदी चढल्यावर पाणी त्याच पाईपमधून गल्लीत येतं. झडप असेल तर ती मिटते आणि गल्लीचं पाणी नदी उतरेपर्यंत आतच तुंबतं, पंप लावावाच लागतो. भिंतीलगत चालत जा, तोंडं मोजा, किती झडपा हाताने हलतात ते पाहा.

लेआउटवाला
आणि कागदोपत्री?

सांडवा
पूररेषा पाहा. निळी म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची. नकाशा कोणत्या वर्षीच्या सर्व्हेवर काढला तेही पाहा. त्यानंतर पात्र अरुंद झालं असेल तर रेषा जुनी झाली. 'शंभर वर्षांतून एकदा'चा अर्थ दर वर्षी 1 टक्का शक्यता. 20 वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात लाल रेषेपर्यंतचा पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे 18 टक्के, निळ्या रेषेपर्यंतचा 56. एकदा येऊन गेला म्हणून पुढची वर्षं सुटत नाहीत.

मोरीवाला
तरी घेतलाच, तर दोन कामं. वीज मीटर आणि मेन स्विच 2023 च्या भिंतीवरच्या खुणेच्या निदान अर्धा मीटर वर न्या. दुसरं, ड्रेनेजला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. इथेच लोक फसतात. सगळ्या बिल्डिंगच्या शेवटच्या चेंबरला एकच व्हॉल्व्ह बसवला तर तो मिटल्यावर वरच्या मजल्यांचं पाणी बाहेर जात नाही आणि तुमच्या संडासातून वर येतं. तळमजल्याची लाईन वेगळी काढा, व्हॉल्व्ह फक्त तिच्यावर बसवा, बाण महापालिकेच्या लाईनकडे. वर उघडता येईल असं झाकण ठेवा, कारण व्हॉल्व्हच्या आतल्या पाकळीत चिंधी अडकली तर ती अर्धवट उघडी राहते. जूनच्या आधी एकदा उघडून साफ करा, पोळ्याच्या सुमारास पुन्हा एकदा.