गंभीर रुग्णाला रक्त चढवण्याला पर्याय: खरोखर कितपत?

चिकित्सक:
हिमोग्लोबिन उतरले की रक्ताची पिशवी लावायची, ही पद्धत इतकी अंगवळणी पडली आहे की नेमक्या याच रुग्णाला रक्त कशासाठी, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. १९९९ साली अतिदक्षता विभागातील ८३८ रुग्णांवर झालेल्या 'ट्रिक' चाचणीत एका गटाला हिमोग्लोबिन (दर डेसिलिटर रक्तामागे) ७ ग्रॅमच्या खाली गेल्यावरच रक्त दिले, तर दुसऱ्या गटाला १० ग्रॅमच्या खाली जाताच. तीस दिवसांतील मृत्यू पहिल्या गटात १८.७ टक्के, तर दुसऱ्या गटात २३.३ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नसला, तरी कमी रक्त दिल्याने नुकसान झाले नाही हे त्यातून दिसले. शिरेतून दिले जाणारे लोह, एरिथ्रोपोएटिन (तांबड्या पेशी वाढवणारे औषध), ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (रक्तस्राव कमी करणारे औषध) आणि शस्त्रक्रियेत सांडलेले रक्त धुऊन परत देणारे यंत्र ही साधने उपलब्ध असताना दात्याचे रक्त हा पहिला नव्हे, तर शेवटचा उपाय असावा, असे माझे मत आहे.

साशंक:
कमी रक्तावर भागते म्हणजे रक्ताऐवजी दुसरे काही चालते, असा अर्थ होत नाही. 'ट्रिक'मध्ये दोन्ही गटांसाठी रक्त हाताशी होते. प्रश्न फक्त ते केव्हा द्यायचे एवढाच होता.

आता आपल्या यादीकडे पाहू. एरिथ्रोपोएटिन अस्थिमज्जेला, म्हणजे हाडांतील मगजाला, तांबड्या पेशी बनवायला लावते, पण त्याचा परिणाम दिसायला आठवडे जातात, आणि रक्ताच्या कर्करोगात अस्थिमज्जाच निकामी झालेली असेल तर ते लावणार कुणाला? शिवाय त्याने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. शस्त्रक्रियेपूर्वी शिरेतून लोह देण्याचे म्हणाल, तर २०२० सालच्या 'प्रिव्हेंट' चाचणीत पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियांमध्ये त्यामुळे रक्त देण्याची गरज घटली नाही. कृत्रिम प्राणवायूवाहकांची, म्हणजे रक्ताऐवजी शरीरात प्राणवायू वाहून नेण्यासाठी बनवलेल्या द्रावणांची, कथा तर याहून खेदजनक आहे: २००८ मध्ये अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा हिमोग्लोबिनपासून बनवलेल्या त्या द्रावणांनी हृदयविकाराचा झटका आणि मृत्यू यांचा धोका वाढल्याचे आढळले. हृदयविकाराचा झटका आलेल्या ॲनिमियाच्या (रक्तक्षयाच्या) रुग्णांत रक्त देताना हात आखडता घ्यावा की नाही, हेही २०२३ च्या 'मिंट' चाचणीनंतर संशयास्पदच आहे. निकाल निर्णायक नव्हता, पण कल रक्त सढळपणे देण्याकडे होता.

मध्यममार्गी:
दोघांच्याही म्हणण्यात एक गोष्ट राहून जाते. जे रुग्ण श्रद्धेमुळे रक्त नाकारतात, उदाहरणार्थ यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचे अनुयायी, त्यांच्यापुरता हा वाद केवळ तात्त्विक नाही. अशा ३०० शस्त्रक्रियांच्या रुग्णांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर हिमोग्लोबिन ७.१ ते ८ च्या दरम्यान राहिलेल्यांपैकी एकही दगावला नाही, मात्र ४.१ ते ५ च्या दरम्यान गेलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश रुग्ण मरण पावले. म्हणजे शरीर बरेच सोसते, पण एका टप्प्यानंतर सोसत नाही. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचेही तसेच आहे: अपघातातील रक्तस्रावात ते पहिल्या तीन तासांत दिले तर जीव वाचतात, त्यानंतर दिल्यास उलट अपाय संभवतो.

(जाता जाता: रोजच्या तपासण्यांसाठी काढले जाणारे रक्तही अतिदक्षता विभागातील ॲनिमियाचे एक मोठे कारण आहे. तपासणीच्या नळ्या लहान वापरणे हा यातला सर्वांत साधा उपाय असूनही त्याबद्दल कुणी बोलत नाही.)

चिकित्सक:
रक्ताच्या कर्करोगाबद्दलचा साशंक यांचा आक्षेप मला मान्य आहे. तिथे मी पर्याय सुचवलाच नव्हता. पण ठरलेल्या शस्त्रक्रियेला महिना असताना रुग्णाचे लोह तपासायचेच नाही आणि मग शस्त्रक्रियेच्या टेबलावर रक्त मागवायचे, याला तातडी म्हणता येणार नाही. जागतिक आरोग्य सभेने २०१० मध्येच रुग्णाचे स्वतःचे रक्त जपण्याच्या या पद्धतीला ठरावात स्थान दिले आहे.

साशंक:
लोह जरूर तपासा, कमतरता असेल तर भरूनही काढा. माझा विरोध 'पर्याय' या नावाखाली रुग्णाला मिळणाऱ्या खोट्या आश्वासनाला आहे. अचानक मोठा रक्तस्राव झाल्यास यांतील एकही उपाय दात्याच्या रक्ताची जागा पूर्णपणे घेऊ शकणार नाही, हे वाक्य रक्ताविना उपचारांच्या प्रत्येक संमतिपत्रात स्पष्ट शब्दांत असावे आणि ते डॉक्टरांनी रुग्णाला समोर बसवून वाचून दाखवावे.