किल्ला बघितलात, पण मालवणात जेवलात काय?

भटक्या जिभेचा: सिंधुदुर्ग किल्ल्यावरून होडीने परतलो तेव्हा दीड वाजला होता, पोटात कावळे. जेटीपासून बाजारापर्यंत प्रत्येक पाटीवर तेच: सुरमई थाळी, पापलेट थाळी. एका पाटीवर तर खाली पनीर टिक्का! बांगड्याचं तिखलं, म्हणजे तिरफळाच्या मसाल्याचं दाट, तिखट कालवण विचारलं, तर उत्तर आलं, "तळून देतो ना साहेब." आदल्या संध्याकाळी किनाऱ्यावर लिलावात बांगड्या-पेडव्यांचे ढीग स्वतः बघितलेत. ते जातात कुठे? पर्यटकांसाठी मालवणची चव सुरमईच्या एका तुकडीवर आणून ठेवलीय.

खानावळवाली: पेडवे आमच्या घराक शिजतत. गिराईकाक वाढले तर "ताई, काटे फार आहेत" म्हणान ताट तसाच सोडतत. सुरमईत मधलो काटो काढलो की झाला, पोरां पण खातत. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, पावसात किल्ल्याच्या होडये पण बंद. भाडा मात्र बारा म्हयन्यांचा.

पुणे ३०: ताईंना अनुमोदन. सोबत शाकाहारी सासूबाई आणि सहा वर्षांचा मुलगा असला की तिरफळाचं कौतुक आपोआप आवरतं. पनीर होतं म्हणून आम्ही शांतपणे जेवलो.

कुडाळकर: सासूबाईंना काळ्या वाटाण्याचं सांबार आणि आंबोळी का नाही दिलीत? एप्रिल असता तर ओल्या काजूची उसळ. १६६४ साली कुरटे बेटावर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा गवंडी काय पनीर खात होते?

पुणे ३०: मेनूकार्डावर असतं तर मागवलं असतं हो. मनातलं कसं मागवणार?

भटक्या जिभेचा: हा मुद्दा मान्य, लिहा की पाटीवर! पण तिखलं अवघड नाही. तिरफळं वाटणात घालायची नाहीत, कडू होतं. बिया काढून नुसती ठेचून वरून टाकायची. तेलकट बांगड्याला त्यानेच मजा येते.

खानावळवाली: माका शिकवतास? करूक येता, पण उरला तर खातलो कोण? सकाळी होडयेत बसाच्या आदी सांगून जावा, येवंसर तिखला नि उकड्या तांदळाचो भात तयार ठेवतंय. पैशे मात्र आदी.

पुणे ३०: आणि सासूबाईंचं सांबार?

खानावळवाली: वाटाणे रात्री भिजत घालूक लागतत. त्यांचा आदल्या दिवशी सांगा.